एकाच ओट्यावर एकीची कंबर दुखते, दुसरीचे खांदे: स्वयंपाकघराच्या उंचीचा हिशेब

एका सूनबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरला सुदामानगरात जुनं घर आहे, स्वयंपाकघर पाडून नवं करायचंय. सध्याचा ओटा 33 इंच. सूनबाईंची उंची 5 फूट 5 इंच, सासूबाई 72 वर्षांच्या, उंची 4 फूट 10 इंच. सूनबाईंची कंबर सिंकपाशी भरून येते, तर सासूबाईंचे खांदे आणि मान गॅसपाशी दुखतात. मिस्त्री म्हणतोय, ‘चौंतीसचा स्टँडर्ड घ्या, सगळेच घेतात.’ तर दोघींना चालेल अशी उंची कोणती? आणि सासूबाईंच्या न्हाणीघरात काय बदल करावेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अशी एक उंची नाही. 34 घेतलीत तर तुमची, म्हणजे सूनबाईंची, कंबर थोडी कमी दुखेल आणि सासूबाईंचे खांदे थोडे जास्त. सरासरी काढली की दोघींनाही चुकीचा ओटा मिळतो. पण दोन उंचींत दोघींचं काम भागू शकतं, आणि ते कसं हे खाली आकड्यांसकट सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करायला हवी. ओट्याची उंची आणि कामाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटा 33 इंचांचा असला तरी तुमचे हात 33 इंचांवर कधीच काम करत नाहीत. सिंकमध्ये ते सिंकच्या तळाशी असतात, कढईत कढईच्या काठाच्या वर असतात, कणीक तिंबताना परातीत दाबत असतात. शरीराला ओट्याशी देणंघेणं नसतं, हाताशी असतं. तुमच्याच घरातले आकडे घ्या. 33 इंचांच्या ओट्यात 9 इंच खोल सिंक बसवलं असेल, तर भांडं घासणारा हात जमिनीपासून 24 इंचांवर जातो. 5 फूट 5 इंचांच्या बाईचे हात सरळ सोडले तर मुठीची गाठ साधारण 28 इंचांवर येते. उरलेले 4 इंच कुठून येणार? कंबरेतून. उलट गॅसकडे बघा: 33 इंच ओटा, त्यावर 5 इंचांची शेगडी, त्यावर 8 इंचांचा कुकर. काठ गेला 46 इंचांवर. 4 फूट 10 इंच उंचीच्या बाईचा खांदाच 47 इंचांच्या आसपास असतो. म्हणजे सासूबाई डाळ घोटतात ती जवळजवळ खांद्याच्या पातळीवर, कोपर पंखासारखं बाहेर काढून. त्यात वयाचा वाटा असेल, पण खांदा दुखायला एवढं कारणही पुरेसं आहे.

वाकल्यानं कंबर एवढी का दुखते, याचा ढोबळ हिशेब करून बघा. 60 किलोच्या माणसाचं कंबरेच्या वरचं वजन सुमारे 30 किलो धरा. मणक्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सें.मी.वरून ओढतात. धडाचा भार 15 सें.मी. पुढे सरकला, की तो तोलून धरायला त्या स्नायूंना 90 किलोचा जोर लावावा लागतो. हातात काहीही नसताना! शिवाय हा जोर हलता नसतो. चालताना स्नायू आवळतो, सुटतो आणि त्यात रक्त खेळतं. वाकून स्थिर उभं राहिलं की तो वीस मिनिटं आवळलेलाच राहतो. म्हणून तीन किलोमीटर फिरून न दमणारी बाई दहा ताटं विसळून दमते.

आता मोजमाप. उंचीवरून नाही, कोपरावरून घ्यायचं. घरात ज्या चपला घालून स्वयंपाक करता त्या घालून भिंतीला पाठ टेकवून उभं राहा, दंड अंगालगत सोडा, कोपर काटकोनात वळवा आणि कोपराच्या हाडाखाली भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा. खांदे उचललेले नसावेत. माप घेताना माणूस उगीच ताठ होतो, म्हणून एकदा श्वास सोडायला सांगून मग रेघ मारा. ढोबळमानानं कोपर एकूण उंचीच्या 63 टक्क्यांवर असतं. त्या हिशेबानं तुमचं 41 इंचांवर आणि सासूबाईंचं साडेछत्तीसवर यायला हवं. पण सासूबाईंच्या पाठीला थोडा बाक आला असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून प्रत्यक्ष रेघच खरी धरा. खाली मी 41 आणि 36½ हेच आकडे वापरतो. तुमचे वेगळे आले तर तेवढा फरक सगळीकडे करा.

कोपरापासून खाली किती, हे कामावर ठरतं. चिरणं, सोलणं, निवडणं अशा हलक्या कामाला 4 ते 5 इंच खाली. कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं, भाकरी थापणं यांत अंगाचा भार वरून द्यायचा असतो, त्याला 7 ते 9 इंच खाली. गॅसवर भांड्याचा काठ कोपराच्या बरोबरीला किंवा थोडा खाली. फार तर दोन इंच वर चालेल. सिंकचा काठ कोपराच्या दोन-तीन इंच खाली आणि तळ मुठीच्या गाठीच्या खाली जाता कामा नये. सिंकचा काठ कोपराच्याही वर गेला तर पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत येतं आणि बाही भिजते.

आता हे नियम दोघींना लावा. तुमचं चिरणं 36 ते 37 इंचांवर आलं. तुमचं कणीक तिंबणं 32 ते 34 वर. सासूबाईंचं चिरणं 31½ ते 32½ वर. म्हणजे तुमची पोळ्या लाटायची उंची आणि सासूबाईंची भाजी चिरायची उंची एकच आहे. सगळा तोडगा या योगायोगात आहे, आणि तो फक्त तुमच्याच घरात नाही. सात-आठ इंचांचा फरक असलेल्या कुठल्याही जोडीत तो बहुधा जुळतो. ओट्याचा एक भाग 36 इंच करा, दुसरा 32. उंच भागावर सिंक आणि तुमची चिरायची जागा. सखल भागावर गॅस, पोळ्यांची जागा आणि सासूबाईंची चिरायची जागा.

गॅस सखल भागावर का, तर आकडे तेच सांगतात. पण इथे एक निवड करावी लागेल. ओट्यावर ठेवायची शेगडी सुमारे 5 इंच उंच असते. 32 वर ती ठेवली की साडेचार इंचांच्या कढईचा काठ 41½ वर जातो. तुम्हाला ठीक, सासूबाईंना पाच इंच वर. त्याऐवजी दगडात कापून बसवायचा हॉब घेतलात तर जाळी दगडाच्या वर दोनच इंच राहते आणि तोच काठ 38½ वर येतो. तुमच्या कोपराच्या अडीच इंच खाली, सासूबाईंच्या दोन इंच वर. दोघींच्या मर्यादेत. म्हणून या घरात हॉबचा खर्च केवळ दिसण्यासाठी नाही, त्याचं काम आहे. कुकरही उभट डब्याऐवजी बसका, पसरट घ्या. तेवढीच क्षमता दोन-तीन इंच कमी उंचीत मिळते.

शेगडीच ठेवायची असेल तर गॅसचा भाग 29 पर्यंत उतरवावा लागेल, आणि तिथे सिलिंडर आडवा येतो. रेग्युलेटर लावलेला सिलिंडर सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. दगडाची जाडी आणि त्याखालचा आधार वजा केला की 29 इंचांखाली तो जेमतेम मावेल किंवा मावणारही नाही. शिवाय शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असावी हा सुरक्षेचा नियम आहे, तो मोडायचा नाही. पाइपचा गॅस घरात आला असेल तर हा प्रश्नच उरत नाही. नसेल तर सिलिंडर आत ढकलायला चाकांची थाळी घ्या. भरलेला सिलिंडर 30 किलोच्या घरात जातो (14.2 किलो गॅस, बाकी लोखंड), आणि वजन उचलण्याच्या अमेरिकन सूत्रात सगळं अनुकूल असताना सुद्धा 23 किलोच मर्यादा धरलेली आहे. ओट्याखाली वाकून, हात लांब करून 30 किलो ओढणं हे अनुकूल नाहीच.

मांडणी अशी करा. तुमचं स्वयंपाकघर काटकोनी ओट्याचं आहे असं धरतो. एका भुजेवर 36 इंचांचा भाग: सिंक दोन फूट, भांडी निथळायला दीड, चिरायला अडीच ते तीन. दुसऱ्या भुजेवर 32 चा: पायरीपासून (दोन उंची जिथे भेटतात तिथून) आधी एक फूट रिकामा, मग अडीच फूट गॅस, मग तीन फूट मोकळा. तो मधला एक फूट वाचवू नका. पायरीला लागून गॅस घेतला की कढईचा कान पायरीच्या दगडावर आपटतो. गरम भांडं उतरवताना ते सरकवत बाजूला घेता आलं पाहिजे, चार इंच उचलून वर ठेवायला लागता कामा नये. भाजणं बहुतेक अशाच वेळी होतं: भांडं उचललंय, जागा वर आहे, कपडा निसटला.

पायरीच्या जागी पाण्याचाही विचार करा. उंच भागावर सिंक आहे, म्हणजे तिथलं पाणी पायरीवरून गॅसकडे ओघळणार. उंच भागाच्या त्या कडेला दोन-तीन सूत उभी पट्टी चिकटवून घ्या आणि दगडाला सिंककडे हलकासा उतार द्या. पुढच्या कडेला खालच्या अंगानं एक खाच मारून घेतली की पाणी दगडाखालून मागे जाऊन फळ्या कुजवत नाही. पायरीची धार गोल करून घ्या. नाहीतर पहिल्या आठवड्यात कुणाचं तरी मनगट त्यावर बसेल.

मिस्त्री कुरकुर करणार, कारण त्याला सलग दगड टाकायचा असतो. ‘स्टँडर्ड’ म्हणजे काय तेही बघा. अमेरिकेत ओटा 36 इंचांचा असतो, तो तिथला प्रघात. मॉड्युलर किचनच्या खालच्या बॉक्सची 720 मि.मी. उंची युरोपातून आली. भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 मध्ये संकलित करून छापली, पण तीसुद्धा इतर अनेकांची मापं आहेत, सासूबाईंची नाहीत. खुर्च्यांचा कारखाना काढायचा असता तर ती लागली असती. तुमच्या स्वयंपाकघरात माणसं दोन आहेत, आणि टेप घरात आहे.

दोन नाही, तीन. भांडी घासायला मावशी येत असतील तर सिंकपाशी सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या राहतात, आणि त्यांचं माप कुणीच घेत नाही. त्यांच्याही कोपराची रेघ मारा. 36 इंचांवर 7 इंच खोल सिंक घेतलं तर तळ 29 वर येतो. तुम्हाला तो नेमका बसतो. मावशी पाच फुटांच्या असतील तर त्यांचं कोपर 38 च्या आसपास, काठ दोन इंच खाली, चालेल. सासूबाईंना मात्र 36 चा काठ जवळजवळ कोपराला लागेल. त्या फक्त भाजी-तांदूळ धूत असतील तर निभेल, रोज भांडी घासत असतील तर सिंकपुरता भाग 34½ वर घ्या आणि तुम्ही थोडी तडजोड करा. एक मात्र नक्की: 9-10 इंचांचं खोल सिंक घेऊ नका. दुकानात ते भारदस्त दिसतं, मोठं पातेलं आत मावतं म्हणून विकलं जातं, आणि रोज कंबर वसूल करतं. मोठ्या पातेल्यासाठी खोली नाही, लांबी-रुंदी वाढवा. सिंक पुढच्या कडेपासून दोन-तीन इंचांवरच घ्या. मागे सरकवलं की तेवढं पुढे झुकावं लागतं.

उंचीइतकीच महत्त्वाची आणि जवळजवळ नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पावलांची जागा. कडप्प्याच्या जुन्या ओट्यात उभ्या फरश्या आणि खालचा कप्पा थेट कडेपर्यंत येतात. पायाची बोटं आपटतात, म्हणून माणूस चार इंच मागे उभा राहतो आणि कंबरेतून पुढे झुकतो. ओटा अगदी बरोबर उंचीचा असून सुद्धा कंबर दुखते ती अशी. खालचा भाग जमिनीपासून 4 इंच उचला आणि पुढच्या कडेपासून 3 ते 4 इंच आत घ्या. ही खोबण फुकट मिळते, फक्त आधी सांगावी लागते. सुतार बॉक्स बनवणार असेल तर त्याला हेही सांगा: 720 चा बॉक्स, 150 चे पाय आणि 20 मि.मी. दगड मिळून 890 मि.मी. म्हणजे 35 इंच होतात. 36 साठी दगडाखाली प्लायची आणखी एक पट्टी लागेल. 32 इंच म्हणजे 813 मि.मी.; तिथे 100 चे पाय धरले तर बॉक्स 690 चाच करावा लागेल. तयार बॉक्स घेतलेत तर हा भाग जमणार नाही, करवून घ्या.

आता जिथे बहुतेक कामं बिघडतात ती गोष्ट. मिस्त्री ओट्याची उंची मोजतो ती त्या दिवशीच्या जमिनीपासून. मग फरशी बसते: खाली दीड-दोन इंच मसाला, वर कोटा किंवा टाइल. 36 चा ओटा तयार होतो तेव्हा साडेतेहतीस भरतो, आणि सगळे म्हणतात, ‘अरे, 36 सांगितलं होतं ना?’ त्यानं 36 च केलेलं असतं. जुन्या टाइलवरच नवी चिकटवणार असाल तरी अर्धा-पाऊण इंच जातो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी तयार फरशीची पातळी ठरवा, तिच्यापासून बरोबर 3 फुटांवर सगळ्या भिंतींवर लेव्हल पाइपनं रेघ मारून घ्या (पाण्याची पारदर्शक नळी प्रत्येक मिस्त्रीकडे असते) आणि त्यावर ठळक लिहा: ‘तयार फरशीपासून 3 फूट’. यापुढे कुणीही जमिनीपासून मोजायचं नाही. तुमचा उंच ओटा त्या रेघेला भिडेल, सखल चार इंच खाली. बटणांचे पॉइंट दोन्ही भागांत आपापल्या दगडाच्या 7-8 इंच वर. एका ओळीत घेतले की सखल भागात ते उगाच उंच जातात.

तोडफोडीच्या आधी एक चाचणी जरूर करा. इस्त्रीचं खालीवर होणारं टेबल असेल तर उत्तम, नाहीतर टीपॉय, विटा आणि प्लायचा तुकडा. 36 वर जुळवून तुम्ही अर्धा किलो भेंडी चिरा. 32 वर दहा-बारा पोळ्यांची कणीक तिंबा, सासूबाईंना तिथेच कोशिंबिरीची काकडी चोचवायला सांगा. दोन मिनिटं हात फिरवून ‘छान आहे’ म्हणू नका. पहिल्या दोन मिनिटांत सगळंच छान वाटतं. वीस मिनिटं खरं काम करा आणि मग विचारा की कुठे भरून आलं. खांदे, मानेचा मागचा भाग किंवा दंड म्हणत असतील तर पृष्ठभाग उंच आहे. कंबर किंवा पाठीचा वरचा भाग म्हणत असतील तर सखल आहे. एक इंच बदला, पुन्हा करा. दगड बसल्यावर एक इंच बदलायला किती पैसे पडतात ते मिस्त्रीलाच विचारा.

मिक्सरची जागा वेगळी काढा. मिक्सर आणि भांडं मिळून सव्वा-दीड फूट उंच जातं, आणि झाकण वरून दाबून धरायचं असतं. 32 वर ठेवला तरी सासूबाईंचा हात 48 इंचांवर, म्हणजे खांद्याच्या वर. त्यासाठी 26-28 इंचांची फळी किंवा पक्की ट्रॉली करा. विळी ओट्यावर ठेवून वापरत असाल तर तिचाही हिशेब असाच: पातं पाटाच्या पाच-सहा इंच वर, तेवढंच काम वर सरकतं. शिवाय जमिनीवर पाट पायाखाली दाबलेला असतो, ओट्यावर तो मोकळा असतो आणि ऐन जोरात सरकतो. ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळायची विळी मिळते, ती घ्या आणि सखल भागावरच लावा.

चकली टेबलावर कागदावर पाडता येते, तिचा प्रश्न नाही. शेव मात्र थेट कढईत पाडतात. तापलेल्या तेलावर सोऱ्या धरून जोर द्यायचा म्हणजे हात पन्नास इंचांच्या वर, कोपर बाहेर, तोल पुढे. कुठल्याच ओट्यावर हे बरोबर बसत नाही. इंदूरात राहून शेव घरी पाडायचा हट्ट का करावा, हाही विचार करा.

वरच्या कपाटांबद्दल. माणसाचा हात उंचीच्या सुमारे सव्वापट वर पोचतो, पण समोर दोन फुटांचा ओटा असला की त्यातले पाच-सहा इंच जातात. सासूबाईंना रोज लागणारं काहीही 5 फूट 3 इंचांच्या वर ठेवू नका. म्हणजे वरच्या कपाटाचा तळाचा कप्पा तेवढा त्यांचा. त्यावरचे कप्पे दिवाळीच्या झाऱ्या-साच्यांचे. खरी सोन्यासारखी जागा ओटा आणि कपाट यांच्यामधली भिंत असते. आपल्या जुन्या घरांतली मांडणी तिथेच असायची: ताटं उभी, वाट्या हाताशी, डाव टांगलेले, सगळं डोळ्यांसमोर. तिथे टाइलची नक्षी दाखवण्यापेक्षा पाच इंच खोलीची पट्टी लावा. जड वस्तू, म्हणजे कुकर, लोखंडी तवा, कणकेचा डबा, 25 ते 45 इंचांच्या पट्ट्यात. ओट्याखाली दारांऐवजी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर घ्या, निदान वरच्या दोन थरांत. दारामागच्या कप्प्यात मागचं भांडं काढायला गुडघे टेकावे लागतात आणि सत्तरीत टेकलेले गुडघे लवकर उठत नाहीत.

नर्मदेचं पाणी ठरल्या वेळी येतं, तेव्हा हंडे-बादल्या भराव्या लागत असतील तर तो नळ सिंकवर नको. सिंकच्या काठावरून भरलेला हंडा काढणं म्हणजे दहा-बारा किलो हात लांब करून उचलणं. खाली 15 इंचांचा कट्टा करा, त्यावर नळ. हंडा भरतो तिथूनच मांडीच्या उंचीवर उचलला जातो, जमिनीपासून नाही.

उजेड. डोक्यावरचा दिवा खोलीच्या मध्यावर असतो, म्हणून चिरताना आपलीच सावली हातावर पडते आणि माणूस अजून वाकतो. कपाटाच्या खालच्या पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, तेव्हा सासूबाईंच्या तीन फुटांवर दुप्पट पट्टी लावलीत तरी ती चैन नव्हे. वास्तूप्रमाणे गॅस आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला हवं असेल तर खुशाल ठेवा. उंचीशी वास्तूचं भांडण नाही.

न्हाणीघराचं थोडक्यात. कमोडची बसायची उंची 16 ते 17 इंच. गुडघ्यांसाठी म्हणून लोक 19-20 चं घेतात, पण 4 फूट 10 इंचांच्या बाईचे पाय मग लोंबकळतात आणि उठताना जोर द्यायला जमीन मिळत नाही. आधाराची दांडी 32 ते 38 मि.मी. जाडीची, भिंतीपासून साधारण 40 मि.मी. सुटी, जास्त सुटी ठेवली तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकतो. ती विटांच्या भिंतीत लांब फास्टनरनं बसवा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला लोंबकळवून तपासा. टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे, पण पडताना हात त्यालाच जातो, म्हणून तो कमोडजवळ लावूच नका. आत-बाहेरच्या फरशीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक नको.

राहिलं सासूबाईंचं बसून काम करणं. बसून निवडणं-चिरणं चांगलंच. 1926 च्या प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचनमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी खिडकीशी कामाचा ओटा आणि फिरतं स्टूल याचसाठी दिलं होतं. पण जेवणाच्या टेबलाशी नेहमीच्या खुर्चीवर बसून चिरू नका. खुर्ची 17 इंच, बसल्यावर कोपर त्याच्या 8 इंच वर, म्हणजे 25, टेबल 29. चार इंच खांदे उचलून काम होतं आणि तेच दुखणं परत येतं. (गंमत म्हणजे तेच 29 इंचांचं टेबल उभं राहून कणीक तिंबायला सासूबाईंना अगदी मापाचं आहे, तेव्हा परात तिथे न्या.) बसायचं असेल तर खुर्चीवर घट्ट फोमची साडेतीन-चार इंचांची गादी, जी दाबल्यावर बसत नाही अशी. मग पाय अधांतरी होतात. त्यांच्याखाली जेवायचा जुना लाकडी पाट ठेवा, कमी पडला तर दुसरा त्यावर खिळ्यांनी पक्का करून. पाटाला खालून रबराची पट्टी चिकटवा आणि उठायच्या आधी तो पायानं टेबलाखाली सरकवायची सवय लावा, म्हणजे त्याला ठेच लागणार नाही.